घरी येऊन सस्पेन्शन करून देणाऱ्यापासून सावध राहा, माझे १९,६५० रुपये गेले

नागपूरच्या मानेवाडा-बेसा भागात घरी येऊन इनोव्हा, टवेराच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम करून देणारा एक मेकॅनिक फिरतो. जुनेच शॉकअप (धक्के शोषणारे शॉक अब्सॉर्बर) काळा रंग मारून परत बसवतो आणि पैसे नव्याचे घेतो. हे लिहिताना लाज वाटते, पण उद्या तो तुमच्या अंगणात जॅक लावून बसलेला असू शकतो.

माझी गाडी २००८ ची इनोव्हा. सिमेंट रोडवरून कडेच्या गट्टूवर (पेव्हर ब्लॉकवर) उतरली की पुढून खटखट आवाज यायचा. गॅरेजमध्ये गाडी अडकवून ठेवणं शक्य नव्हतं, वडिलांना दवाखान्यात न्यावं लागतं. ओळखीतल्या दोघांनी याचं नाव सांगितलं म्हणून बोलावलं. रस्त्यावरून कोणालाही उचलून आणला नव्हता.

त्याचा हिशेब असा: दोन शॉकअप ७,४००, लोअर बॉल जॉइंटची (चाकाला खालच्या दांड्याशी जोडणाऱ्या गोल सांध्याची) जोडी ३,६००, लोअर आर्मचे, म्हणजे त्या खालच्या दांड्याचे, बुश (रबरी कड्या) २,८५०, लिंक रॉड १,७००, बुश प्रेस मशीनने बसवायचे ६०० आणि मजुरी ३,५००. दहा हजार आधी, ९,६५० काम झाल्यावर, दोन्ही यूपीआयने. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "काका, बिल घेतलं तर जीएसटी लागते, तुमचंच नुकसान." पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

या गाडीत शॉकअप स्प्रिंगच्या आत असतो. तो बदलायचा तर स्प्रिंग कम्प्रेसरने स्प्रिंग दाबावी लागते, नाहीतर वरचा नट सोडताच ती उसळून माणसाला जायबंदी करते. याच्याकडे कम्प्रेसर नव्हता. मी विचारलं. म्हणाला, "घरी रिस्की राह्यते काका, लेथवर करून आणतो. आर्मचे बुशही तिथंच प्रेस होतात." यात संशय घेण्यासारखं काय होतं? बुश खरोखरच प्रेसवर बसवतात, बहुतेक मेकॅनिक ते बाहेरूनच करून आणतात. स्कूटरवर सगळं बांधून तो गेला आणि तासाभरात आला.

आणलेला शॉकअप-स्प्रिंगचा जोड मी हातात घेऊन पाहिला. शॉकअप काळाभोर, स्प्रिंगही काळीभोर. बोटाला रंग चिकटला, वासही येत होता. स्प्रिंग तर बदलायचीच नव्हती! ती माझीच, सतरा वर्षांची, चिखल-गंज खाल्लेली, तशीच परत यायला हवी होती. ती नवी दिसते म्हणजे रंगवली, आणि स्प्रिंग रंगवणारा शॉकअप का रंगवणार नाही? हे त्या क्षणी डोक्यात यायला हवं होतं. रोज रात्री ती चिकट काळी स्प्रिंग आठवते आणि अंगाचा तिळपापड होतो. पण आत वडील हाका मारत होते, उन्हात माणूस घाम गाळत होता, आणि जुना माल म्हणून त्याने एक पोतं दाखवलंही. त्यात गळके शॉकअप होते. दुसऱ्याच गाडीचे असणार. काम सुरू होण्याआधी प्रत्येक जुन्या पार्टवर खिळ्याने स्वतःची खूण ओरखडा, मगच पोतं तपासा.

पुढे टायर आतल्या बाजूने खाल्ले गेले. अलाइनमेंटवाल्याने गाडी लिफ्टवर घेतली, टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवला, तर बॉल जॉइंट ढिला, रबर फाटलेलं, बुशला तडे, रंगाखालून शॉकअपचं तेल झिरपत होतं. नवीन फक्त लिंक रॉड. बॉल जॉइंट निसटला असता तर चाक आडवं पडलं असतं. या गाडीत मी वडिलांना बसवून हायवेने नेलं होतं. परत सगळं करायला २३,४८० लागले, दोन टायरचे ११,२०० वेगळे.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "काम झालं ना? गाडी चालते ना? मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा." पैसे ऑनलाइन गेले म्हणून सायबर पोलिसांकडे पाठवलं. तिथे उत्तर: तुम्ही स्वतः पिन टाकला, ही सायबर फसवणूक नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेनेही हात वर केले. फोटो, पावत्या, अलाइनमेंटचा कागद, कोणी फाईल उघडूनसुद्धा पाहिली नाही. जुना माल नवा म्हणून विकणं ही फसवणूक नाही, तर काय आहे? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती लिहून घ्यायला माणूस मिळत नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर वरिष्ठांकडे लेखी पाठवा आणि पोच घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. मी तीच तयार करतोय.

पार्टचा डबा तुमच्यासमोर उघडायला लावा, पार्ट नंबर आणि एमआरपीचा फोटो काढा. सुटा केलेला जोड नजरेआड जाऊ देऊ नका, लेथवर जायचं तर सोबत जा. बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच पूर्ण आवळतात. याने गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले, तो मेकॅनिक म्हणूनही खोटाच. नंतर अलाइनमेंट नको म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

रंगवलेले दोन्ही शॉकअप आणि आर्म मी जपून ठेवले आहेत. याच भागात, याच पद्धतीने कोणाचे पैसे गेले असतील तर यूपीआयची पावती पुसू नका आणि ते पार्ट भंगारात देऊ नका. आयोगाची परवानगी घेऊन अनेक ग्राहकांना एकत्र तक्रार करता येते.