आईच्या नोंदी: वही की व्हॉट्सॲप ग्रुप?

अंथरुणाला खिळलेल्या आईची देखभाल एकट्याची नसते. सकाळी मावशी, रात्री सिस्टर, मधल्या वेळेत आपण, शिवाय परगावचा भाऊ. म्हणून बहुतेक घरांत ग्रुप निघतो. त्याचा खरा फायदा फोटोचा. पाठीवर लालसर झालेली जागा किंवा पायाची सूज डॉक्टरांना फोटोत चटकन कळते, भावाच्याही जिवाला बरं वाटतं. पण मंगळवारची उपाशीपोटीची शुगर शुक्रवारी शोधायला जा, इतर मेसेजच्या ढिगात ती सापडत नाही.

वही उशाशीच असते. रकाने आखायचे: वेळ, बीपी, शुगर, इन्सुलिन, लघवी-शौच, सही. "सकाळी ७.४०, शुगर १४२, इन्सुलिन १० युनिट दिलं" एवढी ओळ समोर असली की दुसरं माणूस पुन्हा सुई टोचत नाही. चुकून दोनदा दिलं गेलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि या वयात ते जिवावर बेतू शकतं. तपासणीला वही नेली की डॉक्टर पंधरवड्याचे आकडे उभ्या रांगेत बघतात.

मी वहीच्याच बाजूने आहे. ग्रुप फोटोंसाठी ठेवा, आणि रोज रात्री वहीच्या पानाचा फोटोही त्यावर टाका. औषध बदललं तर जुनं नाव गिरगटू नका; त्यावर एकच रेघ मारून शेजारी तारीख घाला.