एप्लेरेनोन 25: धाप कमी झाली, आडसर (शहाळं) सुटलं

गेल्या वर्षी जत्रेच्या नाटकाआधी ड्रेपरीवाल्याने माझ्या अंगरख्याचे बंद आवळले आणि डाव्या छातीत अशी कळ गेली की मी होतो तिथेच खाली बसलो. अंगात स्टेंट असलेला माणूस खाली बसला की रंगपटात काय होतं ते सांगायला नको. कोणी पुठ्ठ्याने वारा घातला, कोणी जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीतल्या कळेवरची गोळी, कोंबली. पण ही कळ काही हृदयाची नव्हती. बोटाने दाबलं की दुखायचं, आणि स्तनाग्राखाली शर्टाच्या बटणाएवढी गाठ लागायची. आमच्याकडे एके काळी पुरुषच स्त्रीपार्ट करत. मी 62व्या वर्षी, सरदाराच्या मिशा लावून, त्या परंपरेकडे निघालो होतो.

हा प्रताप स्पायरोनोलॅक्टोन नावाच्या हृदयासाठीच्या गोळीचा. म्हणून आधी तिचा अभिप्राय, मग तिच्या जागी आलेल्या एप्लेरेनोनचा. दोन्ही मिळून दीड वर्ष घेतल्यात.

माझं गोव्यात साखळी गावच्या बाजारात पाइप, नळ, रंग यांचं दुकान आहे. मधुमेह जुना. अटॅक आला तेव्हा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात एक स्टेंट बसला, पण हृदयाचं पंपिंग 38 टक्क्यांवर आलं. त्यातच विठ्ठलापूरच्या देवळाकडून पूल ओलांडून दुकानापर्यंत येताना छाती भरून यायची. पुन्हा अँजिओग्राफी केली, मोठ्या नळ्या मोकळ्या. तेव्हा डॉक्टरांनी ईसीजीच्या कागदामागे झाड काढून दाखवलं. खोड साफ आहे, पण डहाळ्या आणि त्यापुढच्या बारीक शिरा कडक झाल्यात. चालताना हृदयाला जास्त रक्त लागतं, तेव्हा त्यांनी पसरायला हवं, त्या पसरत नाहीत. पाइप विकणाऱ्याला हे लगेच कळलं. आमचा पीव्हीसी पसरत नाही, रक्तवाहिनी पसरते, आणि ते विसरली की पंचाईत.

यात ॲल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनचा हात असतो. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीतून ते येतं. त्याचं काम शरीरात मीठ धरून ठेवणं आणि पोटॅशियम बाहेर टाकणं. ते अतिरेकाने चाललं की हृदयाच्या स्नायूत चट्टे पडतात आणि शिरा ताठ होतात. या गोळ्या त्या हार्मोनची खुर्ची अडवून बसतात. स्पायरोनोलॅक्टोनची खोड अशी की ती शेजारची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, खुर्चीही अडवते. 1999 साली जाहीर झालेल्या 1663 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तिने हृदय कमजोर झालेल्यांचे मृत्यू 30 टक्क्यांनी कमी केले, आणि त्याच चाचणीत दहातल्या एका पुरुषाला माझ्यासारखी छाती आली किंवा दुखली. हा दहावा माणूस बहुतेक लाजून गप्प बसतो. बसू नका. मी तीन महिने बनियनवर जाड शर्ट घालून हिंडलो, काय मिळवलं?

डॉक्टरांनी गोळी बदलून एप्लेरेनोन दिली. ती बरोबर आपल्याच खुर्चीवर बसते. दुखणं दोनेक महिन्यांत गेलं, गाठ विरायला त्याहून वेळ लागला. तोटा एकच, खिसा. जुनी गोळी चहा-पावाच्या भावात मिळायची, हिला कितीतरी पट मोजावे लागतात. शिवाय आमच्या बाजारातल्या फार्मसीत ती नेहमी नसते, दोन दिवस आधी सांगून ठेवावी लागते.

आता खरा प्रश्न, हिने रक्तपुरवठा सुधारतो का? बोस्टनमध्ये 64 मधुमेहींवर सहा महिने चाचणी झाली, 2015 साली छापून आली. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांच्या हृदयातल्या रक्तप्रवाहाची वाढण्याची ताकद खरंच सुधारली होती. वाचून मी खूश. पण डॉक्टरांनी लगेच दुसरा कागद पुढे केला. मोठ्या नळ्यांत अडथळा नसूनही छाती दुखणाऱ्या 41 बायकांना 16 आठवडे एप्लेरेनोन दिली, तर आधीच्या औषधांवर तिने काही भर टाकली नाही. आणि 2024 साली अटॅकनंतर सात हजारांवर रुग्णांना सरसकट स्पायरोनोलॅक्टोन देऊन पाहिली, तिथेही मोठा फायदा निघाला नाही. अटॅकनंतर पंपिंग पडलेल्यांत मात्र एप्लेरेनोनने मृत्यू 15 टक्क्यांनी घटवले, ती चाचणी 2003ची. म्हणजे मला गोळी मिळते ती पंपिंगसाठी. बारीक शिरा मोकळ्या झाल्या तर तो वरकड नफा. तेव्हा नातलगाला चालताना छाती भरते म्हणून माझी गोळ्यांची पट्टी मागून नेऊ नका. एकाने मागितली होती, मी दिली नाही, गणेशचवथीपर्यंत बोलला नाही.

माझं म्हणाल तर पूल आता न थांबता पार होतो, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 44 टक्के आलं. श्रेय गोळीचं की सकाळच्या चालण्याचं की उतरलेल्या सहा किलोंचं, कसं सांगू?

ही गोळी नुसती विकत घेऊन भागत नाही, तिच्यासोबत रक्ततपासणीही घ्यावी लागते. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चाललंय का ते सांगणारा आकडा), पहिल्या आठवड्यात, महिन्यानंतर, मग मला दर तीन महिन्यांनी. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचा ठोकाच बिघडतो, आणि आधी काही जाणवतही नाही. माझं 4.6 होतं ते एकदम 5.3. डॉक्टरांनी विचारलं, काय खाता? मी म्हटलं, काही नाही, सकाळी फक्त एक आडसर. त्यांनी पेन खाली ठेवलं. एका आडसराच्या पाण्यात केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं, आणि मी उन्हाळाभर परसातलं रोज एक पीत होतो, आरोग्यासाठी म्हणून! वर बायकोने कुठेतरी वाचून 'कमी सोडियम'चं मीठ आणलं होतं. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. पुडा त्याच दिवशी शेजारी गेला. गुडघेदुखीवरच्या गोळ्याही विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर आधी फोन करायचा.

एका लॅबचा अनुभव मात्र वाईट. सकाळी नऊला रक्त घेतलं, नळी दुपारपर्यंत तशीच पडून, आणि रिपोर्टात पोटॅशियम 6.4. रात्रीची झोप उडाली. दुसऱ्या ठिकाणी परत तपासलं तर 4.7. नळीत रक्तपेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. त्या लॅबवाल्याने 'साहेब, होतं कधीकधी' एवढं म्हणून पैसे मात्र पूर्ण घेतले. आता मी रक्त दिलं की नळी कधी निघणार ते विचारूनच उठतो.

गोळीला पाचातले चार तारे. एक तारा किमतीचा कापला.

काल पाडेली, म्हणजे माडावरून नारळ पाडणारा, आला होता. बायकोने वर बघून ओरडून सांगितलं, "आडसरां काडूं नाका!" तरी त्याने दोन पाडलीच. एक तिने घेतलं. माझ्या वाट्याचं तो माझ्यासमोरच, पायरीवर बसून, निवांत प्यायला.