जिना, पॅसेज, एन्ट्रन्स: सगळीकडे ऑफ-व्हाईट की खाली मातकट पट्टा?

हॉलचा आणि बेडरूमचा रंग ठरवायला घरातले सगळे बसतात, आणि जिना-पॅसेजची वेळ आली की "तिथे काहीतरी लाईट मारा" असं पेंटरला सांगून मोकळे होतात. मला हे उलटं वाटतं. घरात सगळ्यात जास्त हात लागतात ते जिन्याच्या भिंतीला, आणि परत रंगवायला सगळ्यात त्रासाची भिंतही तीच, कारण ती दोन मजले सलग वर जाते, शिडी पायऱ्यांवर नीट टेकत नाही, परांची बांधावी लागते, आणि ती एकदा उतरली की पुढच्या वेळी रंग देईपर्यंत वरच्या भागाला कुणाचा हात पोचत नाही. त्यामुळे तिथला रंग जरा जास्तच विचार करून ठरवावा.

आमचं कोल्हापूरला रो-हाऊस आहे, जिना आतूनच, दारातून आत आलं की छोटीशी लॉबी, आणि वरच्या मजल्यावर खिडकी नसलेला पॅसेज. आधी हे सगळं ऑफ-व्हाईट होतं, मागच्या वेळी घराला रंग दिला तेव्हा खाली रेलिंगच्या उंचीपर्यंत मातकट-करडा पट्टा आणि वर ऑफ-व्हाईट असं केलं. दोन्हीमध्ये राहून झालंय म्हणून हे लिहितोय. नेव्ही ब्लू, बॉटल ग्रीन, चारकोल असले पूर्ण गडद रंग मी इथे धरतच नाहीये, फोटोत छान दिसतात पण जिन्यात नुसती बॅग घासली तरी ओरखड्यातून खालची पांढरी पुट्टी डोळ्यात येते.

ऑफ-व्हाईटची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. उजेड. बंद पॅसेजमध्ये एका दिव्यावर काम भागतं ते भिंतींमुळे. बऱ्याच कंपन्या शेडसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो, 0 म्हणजे काळाकुट्ट आणि 100 म्हणजे पूर्ण पांढरा. चांगले ऑफ-व्हाईट 75-80 च्या वर असतात. दुसरं म्हणजे अरुंद पॅसेजमध्ये समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग उचलतात, त्यामुळे शेड कार्डवर जेमतेम पिवळसर दिसणारा रंग तिथे चांगला पिवळाधमक होतो, ऑफ-व्हाईटला तो धोका कमी.

पण ऑफ-व्हाईट म्हणजे काही एकच रंग नाही हेही बघा. आपल्याकडे बऱ्याच घरांत पॅसेजला 6500 केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी असतो, त्याखाली क्रीम किंवा आयव्हरी मळकट वाटतो, आणि तोच क्रीम 3000 च्या पिवळ्या दिव्याखाली एकदम ऊबदार दिसतो. खिडकी नसेल तर ती भिंत तुम्ही दिव्यातच बघणार आहात ना, मग शेडही रात्री, तुमच्याच दिव्याखाली ठरवा, दुकानाच्या काउंटरवर नको. पायऱ्या कोटा दगडाच्या असतील तर अजून एक, कोट्याला हिरवट झाक असते आणि पिवळट क्रीम त्याच्याशेजारी फार जुनाट दिसतो, तिथे किंचित करड्याकडे झुकणारा पांढरा बरा. लहान डबा आणून पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर थोडं गडद होतं, आणि मग तो तुकडा स्कर्टिंगला टेकवून बघा.

इतकं सगळं असून मी ऑफ-व्हाईटवरून उठलो ते एकाच गोष्टीमुळे, टचअप.

जिना वळतो तिथला बाहेर आलेला कोपरा डोळ्यासमोर आणा. वर जाणारा प्रत्येक माणूस तिथे भिंतीला हात टेकतो, मुलं तर पळत येऊन तोच कोपरा धरून वळतात, कपाट नाहीतर गादी वर न्यायची असली की ती तिथेच घासते. रंग दिल्यावर काही महिन्यांतच तिथे कमरेच्या उंचीला करडा, चिकट असा डाग धरायला लागतो. ओल्या फडक्याने पुसला की डाग फिका होतो पण पुसलेली जागा जरा चकाकायला लागते. मग उरलेल्या डब्यातला रंग काढून तेवढ्याच जागी मारायचा, आणि खरा वैताग तिथून सुरू होतो. शेड नंबर तोच, डबा तोच, तरी पॅच दिसतो. समोरून नाही दिसणार कदाचित, पण जिन्याच्या खिडकीतून संध्याकाळी तिरपा उजेड भिंतीला घासत येतो ना, तेव्हा प्रत्येक टचअप स्वतंत्र उठून दिसतो. एक तर जुना रंग तोपर्यंत धुळीने नकळत उतरलेला असतो, त्यात मूळ भिंत रोलरने मारलेली आणि टचअप ब्रशने, म्हणजे पोतच वेगळा, आणि शीन असलेलं फिनिश असेल तर ती चमकही जुळत नाही. पॅच घालवायचा तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारावी लागते, आणि जिन्यात पूर्ण भिंत म्हणजे परत परांची. हातभर डागासाठी दोन मजले कोण रंगवणार? मग डाग तसाच राहतो आणि जाता-येता रोज दिसतो, मला तरी ते सहन होत नव्हतं.

पट्ट्याचा खरा फायदा हा आहे. डाग लपतात हे आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंतीला थांबायला एक रेषा मिळते. खालचा तीन-साडेतीन फुटांचा भाग पायरीवर उभं राहून, परांचीशिवाय, लहान रोलरने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण मारता येतो, वरचा भाग आहे तसा राहतो आणि पॅच हा प्रकारच उरत नाही. आमच्याकडे खालचा भाग मधे परत मारून झाला, वरच्याला हात लावावा लागला नाही. जुन्या वाड्यांत वर चुना आणि खाली कावेचा पट्टा असायचा, चाळींच्या जिन्यात खाली ऑइल पेंट असायचा, माझ्या मते त्यामागेही बरंचसं हेच व्यवहारी कारण असावं.

आता पट्ट्याविरुद्ध जे बोललं जातं ते. पहिलं, "घर दवाखान्यासारखं दिसेल". दिसू शकतं, पण ते मुख्यतः खाली चकचकीत ऑइल पेंट आणि वर भलताच वेगळा रंग घेतला की होतं. खालचा रंग वरच्याच कुळातला ठेवला, म्हणजे वर ऑफ-व्हाईट आणि खाली त्यातलाच मातकट, एलआरव्ही साधारण 40-50 च्या आसपास, आणि फिनिश मॅटकडे झुकणारं पण धुता येणारं घेतलं, तर मला तरी ते शांत वाटतं. मातकट म्हटलं तर धूळ, बोटं, चपलांचे शिंतोडे सगळंच त्यात मुरतं.

दुसरी अडचण रेषेची, आणि इथे पेंटरजवळ स्वतः उभं राहावं लागतं. जिन्यावर रेषा तिरकी जाते, प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेपासून सारखी उंची मोजायची, दोन टोकांना दोरी ताणून सूत मारायचं, आणि लँडिंगला ती आडव्या रेषेला कुठे मिळणार ते आधी पेन्सिलने काढून घ्यायचं. ते बघितलं नाही तर वळणावर दोन रेषा वर-खाली भेटतात आणि ते कायम खटकत राहतं.

तिसरी अडचण मला अजून पूर्ण सोडवता आलेली नाही, स्विचबोर्ड. तो चार-साडेचार फुटांवर, म्हणजे पट्ट्याच्या वर, आणि बोटांचे डाग त्याच्याभोवती हमखास. पॅसेजपुरती रेषा बोर्डाच्या वर नेली तर सुटतं, पण मग पॅसेज जरा बुटका वाटतो, आम्ही ते केलं नाही, तेवढा भाग पुसतो.

एन्ट्रन्सला तर माझ्या मनात फारशी शंकाच नाही. पावसाळ्यात ओल्या छत्र्या, रेनकोट, शू-रॅकवरची माती, दिवाळीत उंबऱ्यापाशी पणत्यांची काजळी, हे सगळं खालच्या तीन फुटांतच होतं.

पट्ट्यासाठी ऑइल पेंट घ्यावा का, असं कुणी सांगेल. धुवायला तो उत्तमच, पण फिका ऑइल पेंट अंधाऱ्या जागेत काळाने पिवळा पडतो, आणि भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर आतली ओल बाहेर पडायला जागा न मिळाल्याने पोपडे येतात. मी वॉशेबल इमल्शनच घेतलं. एशियन, बर्जर, नेरोलॅक कुठलंही घ्या, मशीनवर शेड बनवून मिळते, फक्त झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, प्रॉडक्ट आणि शेड नंबर दोन्ही, कारण नंबर तोच पण प्रॉडक्ट वेगळं घेतलं तर चमक जुळत नाही.

तरी सगळ्यांनी पट्टाच करावा असं नाही म्हणणार. पॅसेज तीन फुटांहून अरुंद असेल, छत खाली असेल, किंवा घरात दोघंच मोठी माणसं असतील तर पूर्ण ऑफ-व्हाईट घ्या, मात्र जास्त चमक नसलेलं, आणि अर्धा लिटर रंग नीट झाकण लावून बाजूला ठेवा. पण घरात मुलं असतील आणि जिना आतून असेल तर रंगाचं माप देण्याआधी रेलिंगच्या उंचीला नुसती सुतळी बांधून बघा, लँडिंगवरून खाली आणि दारातून वर, दोन्हीकडून, म्हणजे ती रेषा तुमच्या जिन्यात बसते की नाही ते पेंटर यायच्या आधीच कळेल. आणि हे दसऱ्याच्या बरंच आधी ठरवून ठेवा, पाऊस थांबून भिंती वाळल्या की दिवाळीसाठी सगळेच एकदम पेंटर शोधायला लागतात.