गटिंग होईपर्यंत वाचत बसावं असं दुकान

कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतलं हे खेळाच्या सामानाचं छोटं दुकान. लेकीच्या बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा ओवून ताणून घेणं, मी इथेच करून घेते. दुकानदार काका आधी तिला दोन-चार फटके हवेत मारायला लावतात, मगच तारांचा ताण ठरवतात. "ताई, एवढ्या लहान हाताला २० पाउंड पुरे. २६ लावले तर खांदा धरेल." इतक्या आस्थेने कोण सांगतं?

गटिंगला अर्धा तास लागतो. तोवर बसायच्या बाकाशेजारी खेळाडूंची चरित्रं आणि दिवाळी अंकांतले क्रीडालेख बांधून ठेवलेत. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीतलं कांस्य मिळालं, आणि तिथवर जायला गावाने वर्गणी काढली होती, हे लेकीने तिथेच वाचलं. घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून तेच बोलत होती. मराठीत खेळावर असं लिहिलेलं मुलांच्या हाती पडायलाच हवं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतवर मात्र तिथे एकच कात्रण आहे. तिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला पदक आणलंय, तिच्यावर जाडजूड पुस्तक हवं.

बुटांत पर्याय कमी, पार्किंग अवघड. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जा.