युरेल पास, नोव्हेंबर महिना आणि माझी मावशी

आधीच सांगते, युरेल पास म्हणजे एकाच पासवर युरोपातल्या वेगवेगळ्या देशांत रेल्वेने फिरायची सोय, पण स्वस्तात युरोप फिरायचा म्हणून कोणी तो घेणार असेल तर जरा थांबा. दोन-तीन महिने आधी बसून प्रत्येक गाडीचं तिकीट सुटं सुटं काढलं तर बहुतेक वेळा ते पासपेक्षा कमीतच पडतं. पण त्यासाठी कुठल्या दिवशी कुठे असणार हे माहीत पाहिजे ना, आणि आमचं तर म्युनिकला उतरायचं नि चोवीस दिवसांनी म्युनिकहूनच परत यायचं, एवढंच ठरलं होतं.

आम्ही म्हणजे मी (वय ३४) आणि माझी मावशी (वय ६१, दर रविवारी सिंहगड, त्यामुळे पाठीवरच्या सॅकची काळजी तिच्यापेक्षा मलाच जास्त). आपण युरोपात राहत नाही म्हणून आपल्याला इंटररेल (तिथे राहणाऱ्यांचा असाच पास) नाही, युरेल. ३३ देश चालतात. आम्ही एका महिन्यात कुठलेही ७ दिवस असा घेतला, सेकंड क्लास, माझा चारशे युरोच्या आतबाहेर पडला, मावशीला साठीच्या पुढचं म्हणून १० टक्के कमी. या सात दिवसांपैकी एका दिवशी रात्री बारा ते रात्री बारा कितीही गाड्या बदला, एकच दिवस खर्ची पडतो.

आता गंमत अशी की मावशीने अकरा वर्षं पुणे-मुंबई मंथली पासवर नोकरी केलीये, डेक्कन क्वीनमध्ये तिची जागा ठरलेली असायची. त्यामुळे म्युनिकच्या प्लॅटफॉर्मवर तिचा पहिला प्रश्न, "पासवाल्यांचा डबा कितवा गं?" तसा डबा वगैरे काही नसतो. जर्मनी, ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना रिझर्वेशनची सक्तीच नाही, सीटच्या वर किंवा बाजूला बारक्या पट्टीवर कुठून कुठपर्यंत रिझर्व आहे ते दिसतं, काही लिहिलेलं नसेल तर खुशाल बसा. आणि नोव्हेंबरात डबे असे रिकामे की मावशी चार सीटच्या टेबलावर मेतकुटाची पुडी नि चटणीची डबी मांडून बसायची.

हेच फ्रान्समध्ये जमत नाही. टीजीव्हीला (तिथली फास्ट गाडी) पास असला तरी सीटचे वेगळे पैसे भरून आधी जागा पकडावी लागते, इटली आणि स्पेनच्या फास्ट गाड्यांचंही तेच. मग सकाळी उठून ठरवण्यात काय अर्थ उरला? म्हणून आम्ही तिकडे फिरकलोच नाही. रोम-पॅरिसच करायचं असेल तर सरळ तिकिटं काढा, पास तुमच्या कामाचा नाही.

आमचे पैसे वसूल झाले ते साल्झबुर्गला. दोन दिवस नुसती पावसाची पिरपिर, किल्ला ढगात. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला मावशी म्हणाली, "पाऊसच बघायचा तर मी कोथरूडच्या गॅलरीतून बघितला असता." पुढच्या रात्रीचं बुकिंग नव्हतंच, युरेलचं ॲप उघडलं (पास फोनमध्येच असतो), पाऊण तासात गाडीत आणि दुपारी व्हिएन्नात. तिथेही आभाळ तसंच, म्हणून दोन दिवसांनी थेट गाडी पकडून ल्युब्लियाना, म्हणजे स्लोव्हेनियाची राजधानी.

या गाडीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. साधारण सहा तास लागतात आणि ती ऑस्ट्रियातला सेमरिंगचा घाट चढून जाते. हा घाट १८५४ साली सुरू झाला, आपला बोरघाट १८६३ चा, म्हणजे थोरला भाऊच. दगडी पूल, काही तर दोन मजली, एकामागून एक बोगदे, आणि आख्ख्या लाइनीला १९९८ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलंय. मावशी काचेला नाक लावून. "कर्जतला मागे इंजिनं जोडतात तशी इथे जोडणार का गं?" नाही जोडली. ती थोडी हिरमुसली. मग वर बर्फ दिसला तेव्हा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर 'खंडाळा आला' असं टाकून मोकळी.

एक हिशोब मात्र ठेवा, जवळच्या प्रवासाला पासचा दिवस जाळायचा नाही. ल्युब्लियानाहून ब्लेडला, तिथलं तळं बघायला, आम्ही पैसे भरून बसने गेलो, शिवाय ट्रेनने गेलं तर मेन लाइनचं स्टेशन लेस्त्सेला, तिथून तळं चार एक किलोमीटर. ब्लेडला विंटगारची घळ हिवाळ्यात बंद असते, हे मला तिथे गेल्यावर कळलं, चूक माझीच. पण तळ्याकाठी अक्षरशः आम्ही, बदकं आणि धुकं. तळ्यातल्या बेटावरच्या ९९ पायऱ्या मावशी न थांबता चढली, वर मलाच पाणी विचारलं. तिथला क्रीम केक खा, त्यात अंडं असतं हे मी तिला खाऊन झाल्यावर सांगितलं.

ऑफ सीझनचा त्रासही ऐका. चारच्या सुमाराला दिवेलागण होते, उशिरा उठलात तर दिवस संपला. रविवारी जर्मनी-ऑस्ट्रियात किराण्याची दुकानं बंद, स्टेशनातलं एखादं उघडं सापडतं, शनिवारीच ब्रेड-दूध घेऊन ठेवा. होस्टेलला मात्र चार बेडच्या खोलीत तीनदा आम्ही दोघीच. नोव्हेंबरच्या मध्यापासून ख्रिसमस बाजार लागायला लागतात, त्या दिवसांत शनिवार-रविवारची खोली आधी बघा. आईने दिलेलं साजूक तूप मुंबई एअरपोर्टवर काकाच्या हातात परत दिलं, कारण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

आणि ज्याला 'प्लॅन नाही' म्हणतो त्यालाही शेंगेन व्हिसासाठी (या देशांना मिळून एकच) प्लॅन लागतोच. फी ९० युरो (जून २०२४ पासून), ३० हजार युरोचा इन्शुरन्स, राहण्याची बुकिंगं. जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आमचा जर्मनी होता, तेवढं आम्ही इमानदारीत पाळलं, म्हणून शेवटी प्राग करून ड्रेस्डेन, बर्लिन.

ॲपबद्दल. गाडी आधी ट्रिपमध्ये टाकायची, मग पासवर चालू करायची, तेव्हा क्यूआर कोड येतो. हे चढायच्या आधी. प्रागला मावशीच्या ॲपमधलं ते चालू करायचं बटण दाबायचं राहिलं होतं, फोन ४ टक्क्यांवर, गाडी समोर उभी, आणि ती मला सांगतेय की आमचा पास कसा प्लास्टिकच्या पाकिटात असायचा, त्याला चार्जिंग लागत नव्हतं. पॉवर बँक घ्या. टीसी पासपोर्टही मागतो, सॅकच्या तळाशी ठेवू नका. एकदा गाडी पन्नास मिनिटं लेट होऊन पुढची चुकली, आम्ही त्याच्या पुढच्या गाडीत जाऊन बसलो, कोणाला काही विचारावं लागलं नाही.

पाचपैकी चार स्टार, एक स्टार त्या बटणाचा कापला. मधूनमधून सेल लागतो तेव्हा घ्या, घेतल्यापासून ११ महिन्यांत चालू केला तरी चालतो. मावशीने पुढच्या फेब्रुवारीसाठी १५ दिवसांचा बघायला सांगितलाय, कुठे जायचं ते विचारलं तर म्हणाली, "तिकडे गेल्यावर बघू."