भूजल प्रारूपासाठी गणिती लायब्ररीची निवड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बंदिस्त जलधरातील (वरून अभेद्य थराने झाकलेल्या भूजलस्तरातील) पाण्याच्या पातळीचे द्विमितीय प्रारूप लिहिताना मी सायपाय (पायथनसाठी), जीएसएल (सी भाषेसाठी) आणि आयगन (सी++ साठी) या गणिती आकडेमोडीच्या तीन लायब्ररी वापरल्या. निवडीच्या वेळी वेगाची चर्चा फार होते. माझ्या कामात मात्र समीकरणांच्या मॅट्रिक्सचे (सहगुणकांच्या तक्त्याचे) स्वरूप निर्णायक ठरले.

२०० × १०० चौकटींच्या जाळ्यात २०,००० अज्ञात राशी असतात, प्रत्येक चौकटीची पातळी ही एक. त्यांची संपूर्ण मॅट्रिक्स डबल प्रिसिजनमध्ये (प्रत्येक संख्येला ८ बाइट) ३.२ जीबी जागा घेते. परंतु प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त ५ संख्याच शून्येतर असल्यामुळे स्पार्स साठवणीत (फक्त शून्येतर संख्या ठेवून) तीच मॅट्रिक्स सव्वा एमबीच्या आसपास मावते. जीएसएलमध्ये स्पार्स समीकरणांसाठी केवळ जीएमआरईएस ही पुनरावर्ती (अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारणारी) पद्धत मिळाली, थेट सोडवणारी नाही; म्हणून जीएसएल या कामातून लवकरच बाद झाली. उपशामुळे विहिरीभोवती पातळी किती घटते हे सांगणाऱ्या थाइसच्या १९३५ च्या सूत्राशी उत्तरे ताडून पाहण्यासाठी लागणारे घातांकी संकलन (एक्स्पोनेन्शियल इंटिग्रल) तिच्यात तयार मिळते, पण ते सायपायमध्येही आहेच.

सायपायमध्ये पहिला महिना मी प्रत्येक दिवसाच्या पायरीला समीकरणे सोडवणारे ‘एसपीसॉल्व्ह’ हे फंक्शन बोलावत होतो. मॅट्रिक्स बदलत नसतानाही वर्षाच्या ३६५ पायऱ्यांत तिचे ३६५ वेळा विघटन (त्रिकोणी मॅट्रिक्सांच्या गुणाकारात फोड) होत होते. ‘एसपीएलयू’ने ते एकदाच करून ठेवल्यावर उरले फक्त त्रिकोणी समीकरणे सोडवणे. दोष अर्थातच माझा होता. तरीही सायपायमागील सुपरएलयू ही विघटनाची लायब्ररी सर्वसाधारण मॅट्रिक्ससाठी आहे, तर माझी मॅट्रिक्स सममित (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी) आणि धन-निश्चित. तिच्यासाठी लागणारे चोलेस्की घराण्यातील (अशा मॅट्रिक्सचा एकच त्रिकोण वापरणारे) स्पार्स विघटन आयगनमध्ये ‘सिम्प्लिशियल एलडीएलटी’ या नावाने वेगळे काही न जोडता मिळते. आयगन केवळ हेडर फायलींची (थेट कोडमध्ये जोडल्या जाणाऱ्या) असल्याने उभारणीचा त्रास नाही. कंपाइल होण्यास मात्र वेळ लागतो.

याच विघटनाने मला सर्वांत मोठा धडा दिला. नदीकाठच्या चौकटींची पातळी ठरावीक ठेवण्यासाठी मी त्यांच्या ओळी एकक मॅट्रिक्सच्या ओळींनी बदलल्या, पण त्यांचे स्तंभ तसेच ठेवले. मॅट्रिक्स सममित राहिली नाही. आयगन मात्र मुळातच खालचा त्रिकोण तेवढा वाचते, त्यामुळे कोणतीही तक्रार न करता तिने भलत्याच मॅट्रिक्सचे उत्तर दिले. सायपायच्या उत्तराशी तुलना केली तेव्हाच हे लक्षात आले. तेव्हापासून स्तंभातील ज्ञात पातळ्यांचा भाग उजव्या बाजूला नेतो, आणि लहान जाळ्यावर सायपायची साक्ष काढल्याशिवाय पुढे जात नाही.

आयगनच्या पदावल्या ‘ऑटो’त (सी++ मध्ये प्रकार आपोआप ठरणाऱ्या चलात) साठवू नयेत, ही सूचना तिच्या दस्तऐवजात आहे; मी ती उशिरा वाचली.

मुक्त जलधरात (वर अभेद्य थर नसलेल्या) पातळीबरोबर मॅट्रिक्समधील संख्या बदलतात, शून्येतर जागा तशाच राहतात. अशा वेळी आयगनमधील ‘अॅनालाइझपॅटर्न’ (शून्येतर जागांची तपासणी) एकदाच आणि ‘फॅक्टराइझ’ (प्रत्यक्ष विघटन) प्रत्येक पायरीला, ही सोय उपयोगी पडते. त्रिमितीत मात्र विघटनामुळे नव्याने भरणाऱ्या जागा मेमरी खातात, म्हणून पुढील जाळ्यासाठी मी आयगनमधीलच कॉन्ज्युगेट ग्रेडियंट या पुनरावर्ती पद्धतीकडे वळलो आहे.