घरातला आवाज घरातच: व्हिस्पर की स्पीच-टू-फ्रेज?

होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, बसवून झालंय, दिवे-पंखे जोडलेत, आणि घरातलं बोलणं घराबाहेर जाऊ द्यायचं नाही हेही ठरलंय. आता बोललेलं ओळखायचं कुणी, एवढाच प्रश्न. त्यासाठी घरातल्याच मशीनवर चालणारी दोन सॉफ्टवेअर आहेत, व्हिस्पर आणि स्पीच-टू-फ्रेज. माझ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कम्प्युटरवर मी आधी व्हिस्पर चालवलं, गेले काही महिने स्पीच-टू-फ्रेज चालवतोय.

व्हिस्परला मराठी येतं, आणि वाक्य कसंही बोला, ते लिहून काढायला बघतं. वाणसामानाच्या यादीत 'अर्धा किलो शेंगदाणे' बोलून टाकायचे असतील तर तेच हवं. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेलं स्पीच-टू-फ्रेज मोकळं बोलणं लिहीत नाही. तुमच्या खोल्यांची, उपकरणांची नावं घेऊन ते शक्य त्या आज्ञांची यादी आधीच तयार ठेवतं आणि बोललेलं त्यातल्या कशाशी जुळतं ते बघतं. मराठी त्याच्या भाषांमध्ये नाही. म्हणजे कागदावर व्हिस्परच. मीही तेच धरून चाललो होतो.

माझं मत फिरलं देवघरातल्या लाइटवरून. तिन्हीसांजेला आई एका हातात समईचं तेल, दुसऱ्या हातात वाती घेऊन दारात येते आणि म्हणते, "देवघरातला लाइट लाव." पायसारख्या छोट्या मशीनवर व्हिस्परला सात-आठ सेकंद लागायचे. सांगताना हे थोडे वाटतात. अंधारात उभ्या माणसाला मात्र वाटतं, आपलं ऐकलंच नाही. ती पुन्हा म्हणायची. त्यात 'लाव'चं कधी 'लाओ' उमटायचं आणि ठरवलेल्या वाक्याशी ते जुळायचं नाही. मोठं मॉडेल घेतलं तर मराठी सुधारायचं, पण वेळ आणखी वाढायचा. शेवटी ती कोपराने बटण दाबायची, आणि मला ते बघवायचं नाही.

स्पीच-टू-फ्रेजमध्ये ऑटोमेशनला, म्हणजे 'हे म्हटलं की ते कर' अशा आपण लिहिलेल्या नियमांना, दिलेली वाक्यंही त्या आज्ञांच्या यादीत जातात. भाषा इंग्रजीच ठेवून मी 'देवघर लाव' रोमन अक्षरांत लिहिलं. अनोळखी शब्दाचा उच्चार ते स्पेलिंगवरून ताडतं. 'लाव'मध्ये एक 'ए' ठेवला तेव्हा ओळखलं नाही, दोन घातल्यावर जमलं. आता आईचं वाक्य संपतं न संपतं तोच लाइट लागतो.

तुमच्याकडे बऱ्यापैकी ताकदीचा मिनी पीसी असेल तर व्हिस्परचा हा उशीर बहुतेक जाणवणारच नाही, तेव्हा माझं म्हणणं तुम्हाला कदाचित लागू पडणार नाही. पायवरच चालवायचं असेल तर मात्र आधी घरात रोज खरोखर बोलली जाणारी वाक्यं मोजून बघा. आमच्याकडे ती बारा निघाली. शेंगदाणे मी फोनवर टाइप करतो.